श्वासाची जागा

गाडी शिकवणाऱ्या बाईच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला तो आहे हे माहीत असतं, पण हळूहळू विसरायला होतं, आणि विसरावंच अशी आमची इच्छा असते. आमच्या स्कूलमधले बाकीचे लोक तो उठसूट दाबतात, मग शिकणाऱ्याला वाटायला लागतं की गाडीच आपल्यावर रागावली आहे. मी दाबत नाही. मी नुसता पाय वर धरून बसते. संध्याकाळी पोटरीला गोळे येतात, पण ते परवडलं. तर त्या दिवशी सकाळी, चांगल्या रुंद रिकाम्या रस्त्यावर, पुढे साधं कुत्रंही नसताना मी तो ब्रेक असा काही दाबला की शेजारच्या डॉक्टरीणबाईंचं नाक स्टिअरिंगवर आपटता आपटता वाचलं. ह्या दातांच्या डॉक्टरीणबाई. लोकांच्या तोंडात सुई खुपसताना हात हलत नाही, पण गिअर बदलायचा म्हटलं की घाम फुटतो. "अहो, काय झालं? कोण आलं मध्ये?" त्या ओरडल्या. कोण आलं सांगू! मध्ये आलं होतं ते रेडिओवर. शांतता असली की त्यांना जास्त भीती वाटते म्हणून त्यांनीच तो लावला होता, आणि मीच लावू दिला होता.

'खिडकी लावून घे, वारा आत येतो.' पहिली ओळ ऐकली तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. आमच्या घरचंच गाणं ते. माझ्या नवऱ्याचं. अजूनही कुठे कुठे लागतं, दुकानांत, लिफ्टमध्ये, एकदा तर एका डॉक्टरकडे फोन होल्डवर असताना लागलं होतं. पण गिटार कुठे गेली? ढोल-ताशे वाजवल्यासारखे ड्रम्स कुठे गेले? दुसऱ्या ओळीला कळलं की हा आवाज नवऱ्याचा नाही. तिसऱ्या ओळीपर्यंत मी गेलेच नाही, कारण तोवर आवाज ओळखला होता आणि पाय खाली गेला होता. हा आवाज मी पाढे घोकून घेताना ऐकलाय. 'पुन्हा म्हण, नीट म्हण' असं म्हणताना ऐकलाय. दर रविवारी फोनवर आईच्या गुडघ्यांबद्दल सांगताना ऐकते. गाताना कधी म्हणून ऐकला नव्हता. माझा सख्खा भाऊ, माझा दादा, माझ्या नवऱ्याचं गाणं गात होता.

"छान आहे नाही?" डॉक्टरीणबाई गाडी पुन्हा सुरू करत म्हणाल्या. "नवीन आलंय. आमच्या दवाखान्यात मुली दिवसभर लावतात." नवीन! मी रेडिओ बंद केला. म्हटलं, गाडी चालवताना गाणी नकोत. त्या म्हणाल्या, "पण तुम्हीच तर परवा म्हणालात, गाणं लावा, मन रमतं." मी म्हटलं, परवा म्हणाले, आज नको. त्यांनी गिअर टाकला. चांगली बाई हो, उगाच तिच्यावर आग पाखडली. पण त्यानंतरचा सगळा तास माझ्या डोक्यात एकच: हे नवऱ्याच्या कानावर जाता कामा नये. क्लच सोडा, आरसा बघा, हळू, हळू, असं तोंडाने चाललं होतं आणि आतमध्ये दुसरंच. आज ना उद्या कुणीतरी घरी येणार, त्याच्याकडे अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं, दुरुस्तीला टाकायला, आणि म्हणणार, अरे तुझं गाणं कुणीतरी पुन्हा गायलंय बघ. मग त्याचं काय होणार? त्याच्याकडे आता आहे काय दुसरं? आवाज गेला. वास घ्यायची शक्तीसुद्धा गेली. राहिलं होतं ते एक गाणं, आणि तेही काढून घ्यायला माझ्याच माहेरचा माणूस निघाला.

माझ्या नवऱ्याला सगळे भोंगा म्हणायचे. दादानेच ठेवलेलं नाव. आमच्या सायकलच्या दुकानामागे एक खोली होती, वडील असताना टायर-ट्यूबा ठेवायचे, तिथे ह्या दोघांचा बँड. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून घरातल्या जुन्या गाद्या उभ्या करून भिंतींना लावल्या होत्या. आई म्हणायची, ह्यांना झोपायला गाद्या नकोत, भिंतींना हव्यात. तरी भोंग्याचा आवाज गाद्यांतून, भिंतीतून, दुकानातून पार रस्त्यावर जायचा. पंक्चर काढायला आलेली माणसं विचारायची, आत कुणाला मारताय का? आणि दादाला सगळे मास्तर म्हणायचे, कारण तो वाजवायचा कमी आणि चुका जास्त काढायचा. दोघं मिळून गाणी करायचे ती रीतही मोठी गमतीची होती. भोंग्याला चाल सुचायची, शब्द सुचायचे नाहीत. मग हाताला लागेल ते वाचून तो त्या चालीत गायचा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची सूचना, टायरच्या खोक्यावरचा पत्ता, काहीही. 'जेवणानंतर दोन चमचे' हे शब्द मी त्याच्या तोंडून इतक्या आर्त आवाजात ऐकलेत की एकदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दादा डोळे मिटून ऐकत बसायचा आणि मग एकेक चमचा काढून तिथे खरा शब्द ठेवायचा. लिहायचा नाही, नुसता म्हणून दाखवायचा, सपाट, बातम्या द्याव्यात तसा. गा म्हटलं की म्हणायचा, ते माझं काम नाही. आणि माझं काम टेपरेकॉर्डरचं बटण. दादाने मान हलवली की दाबायचं, पुन्हा हलवली की सोडायचं. मला कुणी विचारायचं नाही की तुला काय वाटतं. आता वाटतं, एकदा तरी विचारायला हवं होतं लेकांनी.

'खिडकी' त्याच खोलीत झालं. चाल भोंग्याची, शब्द दादाचे, म्हणजे शेवटची ओळ सोडून. ती नक्की कुणाची ह्यावर दोघांचं कधीच जमलं नाही. एक माणूस घर सोडून चाललाय आणि जाताना घरातल्या बाईला सांगतोय, खिडकी लाव, वारा येतो, गॅस बघ, चपला आत घे, असली बारीकसारीक कामं. आणि मग शेवटी एकदम: 'कुणी विचारलं माझं तर सांग की ह्या घरात कुणी राहतच नव्हतं.' एवढी मोठी ओळ. दादाचं म्हणणं, ही एका दमात गेली पाहिजे. भोंगा 'तर सांग'पाशी थांबायचा, श्वास घ्यायचा, मग पुढचं म्हणायचा. पट्टी वरची, ओळ लांब, वर ह्याला सिगरेट, करणार काय? दादा बटण बंद करायला लावायचा. पुन्हा. परत तिथेच श्वास. पुन्हा. एक अख्खी दुपार त्या एका श्वासात गेली होती. शेवटी दादा म्हणाला, "अरे, हा माणूस खोटं बोलायला शिकवतोय तिला. खोटं बोलणारा माणूस मध्ये श्वास घेत नाही. एका दमात बोलतो आणि मोकळा होतो." भोंगा भिंतीच्या गादीला टेकून खाली बसला होता, घामाने भिजलेला. म्हणाला, "मास्तर, तुझं सगळं बरोबर आहे. पण फुप्फुसं माझी आहेत ना रे!" आम्ही सगळे हसलो. दादासुद्धा हसला. मला तो श्वास फार आवडायचा. तिथे थांबला की मला वाटायचं, हा माणूस जाणार नाही, आता पिशवी खाली ठेवील. पण मी बटणावर बोट ठेवून बसले होते, आणि बटणाला मत नसतं.

डॉक्टरीणबाईंना त्यांच्या दवाखान्याशी सोडून मी गाडी स्कूलवर नेली नाही. बागेच्या मागच्या गल्लीत उभी केली आणि नुसती बसून राहिले. फोनवर ते गाणं शोधलं असतं तर सापडलं असतं, दोन बोटांचं काम. पण हिंमत झाली नाही. मला राग आला होता, आणि राग कुणाचा करावा ते कळत नव्हतं. दादाचा तर आलाच होता. विचारायचं तरी! मग आठवलं, त्याने विचारलं होतं की. मागे एका रविवारी आईचे गुडघे, तिची औषधं, शेजाऱ्यांची भांडणं सगळं झाल्यावर तो म्हणाला होता, "ऐक ना, तुला एक विचारायचं होतं. भोंग्याबद्दल. म्हणजे गाण्याबद्दल." आणि मी नेहमीसारखं म्हटलं होतं, "गाण्याचं असेल तर नको दादा. दुसरं काही असेल तर बोल." तो म्हणाला, "बरं. मग आईचा चष्मा बदलायला झालाय." इतकी वर्षं मी हेच करत आले. इकडचं तिकडे जाऊ द्यायचं नाही, तिकडचं इकडे येऊ द्यायचं नाही. दोघंही मला विचारायचे ना, "कसा आहे तो?" आणि मी दोघांनाही सांगायची, "बरा आहे." बरा आहे, बरा आहे. ह्या दोन शब्दांवर मी दोन घरं चालवली. त्या दिवशी त्या गल्लीत बसून मला वाटलं, ह्यापेक्षा एकदा कडाकडा भांडू दिलं असतं तर बरं झालं असतं.

भांडण तसं झालंच नव्हतं कधी. कॅसेट कंपनीचा माणूस आला, गोडबोल्या, हातात कायम पाण्याची बाटली. बँड ऐकला, खूश झाला, आणि म्हणाला, पोस्टरवर चेहरा एकच मावतो. भोंग्याने दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "जा की. तुझाच आवाज आहे." असं म्हटल्यावर माणसाने जायचं असतं की नाही, हे भोंगा मला पुढे कितीदा तरी विचारायचा. मी म्हणायची, मला काय माहीत. तो गेला. भाड्याचे वादक घेऊन त्याने एकट्याने 'खिडकी' रेकॉर्ड केलं. आणि त्यात तो श्वास ठेवला. काढून टाकता आला असता. कंपनीचा माणूस म्हणाला होता, काढू या, मशीनमध्ये निघतो. भोंगा म्हणाला, राहू दे. आणि लोक त्याच श्वासावर वेडे झाले. कार्यक्रमात ती ओळ आली की सगळं सभागृह गप्प व्हायचं, त्याच्याबरोबर श्वास घ्यायचं, आणि मग एकदम ओरडायचं. लोकांना वाटायचं त्याला रडू येतंय. दादाला कॅसेट मी नेऊन दिली. त्याने कव्हर उलटंपालटं करून बघितलं. आतल्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'सहलेखन' म्हणून त्याचं नाव होतं. मला वाटलं तो नावावरून चिडेल. तो म्हणाला, "नावाचं सोड गं. पण श्वास? श्वास तसाच ठेवला त्याने?" त्यानंतर आमचं लग्न झालं, त्यात दादाने माझ्यासाठी मरमर काम केलं, खुर्च्या लावल्या, पाहुणे सांभाळले, भोंग्याच्या पाठीवर थाप मारून फोटोही काढला. आणि मग भोंगा असताना तो आमच्या घरी कधी आला नाही. भोंगा घरात नसताना यायचा, चहा प्यायचा, भोंग्याच्या खुर्चीत बसायचा नाही. तेवढंच. कुणी कुणाला शिवी दिली नाही, दार आपटलं नाही. दोघंही म्हणायचे, आधी त्याने फोन करावा.

पुढे भोंग्याची दुसरी गाणी काही चालली नाहीत. चाल त्याच्याकडे होती, पण चमच्यांच्या जागी शब्द ठेवणारं कुणी नव्हतं. तो एका गाण्याचा माणूस झाला. कुठेही जा, 'खिडकी' म्हणा. एखाद्याच्या मुलाचा वाढदिवस असो की कंपनीचं संमेलन असो, 'खिडकी' म्हणा. तो वैतागायचा, घरी येऊन बूट फेकायचा, म्हणायचा, मी मेल्यावर पण हे लोक खिडकी वाजवून म्हणतील, बाहेर ये आणि 'खिडकी' म्हण. मग आवाज बसायला लागला. आधी वाटलं थंडीमुळे. मग डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि आम्हाला दोघांना आत बोलावलं. स्वरयंत्र काढायला लागेल म्हणाले. ऑपरेशनच्या आधी भोंगा न्हाणीघरात दार लावून 'खिडकी' पूर्ण म्हणाला. मी बाहेर पोळ्यांची कणीक हातात धरून उभी. आवाज फाटका झाला होता, वरच्या जागा लागत नव्हत्या, पण 'तर सांग'पाशी तो थांबला आणि श्वास घेतला. बाहेर आल्यावर म्हणाला, "मास्तर असता तर म्हणाला असता, पुन्हा." तेव्हा मी दादाला फोन करायला हवा होता. दहादा मनात आलं. पण मला वाटलं, दोघांचं आहे, दोघांनी बघावं. आता भोंग्याच्या गळ्यात खाली एक भोक आहे, तिथून तो श्वास घेतो. वर एक विणलेलं फडकं बांधतो. बोलायला एक यंत्र दिलंय, गळ्याला लावायचं. पण त्यातून मिक्सर बोलावा तसा आवाज येतो. पहिल्या दिवशी त्याने त्यातून माझं नाव घेतलं, माझा चेहरा बघितला, आणि यंत्र टेबलाच्या खणात टाकून दिलं. तेव्हापासून पांढरा फळा आणि पेन. अक्षर पहिल्यापासून कोंबडीचे पाय. तो घरी लोकांचे अँप, गिटारी दुरुस्त करतो, जेवायच्या टेबलावर. कथिलाचा धूर घरभर होतो आणि त्याचा वास फक्त मला येतो. नाकातून हवाच जात नाही ना त्याच्या. दूध करपलं तरी तो शांतपणे तार जोडत बसलेला असतो.

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. जिन्यात मी ठरवलं होतं: आधी त्याच्या फोनवरचं काय ते बघायचं, रेडिओ 'बिघडवायचा', आणि अँप टाकायला येणाऱ्या पोरांना दारातच दम द्यायचा. दार उघडलं तर तो टेबलाशी बसला होता. समोर एक मोठं काळं अँप, मागचं झाकण उघडं. मी पर्स ठेवली आणि म्हटलं, "आज कुणी आलं होतं का?" त्याने मान हलवली, नाही. मग माझ्याकडे जरा निरखून बघितलं. तेवढं एक त्याला चांगलं जमतं आता. बोलायचं नसलं की माणूस बघायला शिकतो. फळा ओढून त्याने लिहिलं, 'काय झालं?' मी म्हटलं, "कुठे काय? डॉक्टरीणबाईंनी डोकं उठवलं." हे मी इतक्या भरभर म्हटलं की मलाच ऐकू आलं. तो हसला. आता त्याचं हसणं म्हणजे खांदे हलतात आणि फडक्यामागून हवा फुसफुसते. त्याने फळा पुसला आणि लिहिलं, 'ऐकलंस ना?'

मी खुर्चीवर बसले. "तुला कधी कळलं?" त्याने लिहिलं, 'केव्हाच.' आणि खाली, 'तू दादाशी भांडशील म्हणून बोललो नाही.' बघा म्हणजे! मी त्याच्यापासून लपवायला जिन्यात बेत करत आले, आणि हा माणूस किती दिवसांपासून माझ्यापासून लपवत बसलेला. मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "अरे, तुला राग नाही आला?" त्याने फळा पुसला. मग लिहिलं, 'आला. मग पूर्ण ऐकलं.' मग, 'तू पूर्ण ऐकलंस?' मी मान खाली घातली. मी दोन ओळी ऐकल्या होत्या आणि ब्रेक दाबला होता. त्याने फोन घेतला, एक वायर काढली, दुरुस्त करत होता त्याच अँपला लावली, आणि बटण फिरवलं. अँपमध्ये अजून खरखर होती. त्याने मला हाताने खूण केली, जवळ ये.

दादा गात होता म्हणण्यापेक्षा सांगत होता. खालच्या पट्टीत, मागे एकच गिटार. तेच बातम्या द्यायचं सपाट बोलणं, फक्त त्याला आता सूर चिकटला होता. खिडकी लावून घे. गॅस बघ. चपला आत घे. भोंगा गायचा तेव्हा तो जाणारा माणूस तरणाताठा असायचा, रागाने भांडी पाडत जाणारा. दादाच्या आवाजातला माणूस म्हातारा होता. त्याला जायचंच नव्हतं, कामं सांगता सांगता तो वेळ काढत होता. मला आमची टायरची खोली दिसली, गाद्या दिसल्या, आईने दारातून डोकावून म्हटलेलं ऐकू आलं, जेवणार आहात की हवेवर जगणार. मला वाटलं, ह्या गाण्यात एवढं होतं आणि आम्ही सगळे नुसते ओरडत होतो. आणि मग ती ओळ आली. दादाने आयुष्यात कधी सिगरेट ओढली नाही. रोज पहाटे पोहतो, अजूनही. पट्टी खालची, चाल संथ; ती ओळ तो झोपेतसुद्धा एका दमात म्हणेल. 'कुणी विचारलं माझं तर सांग', म्हणाला, आणि थांबला. अँपची खरखर तेवढी ऐकू येत होती. मग त्याने श्वास घेतला, चांगला ऐकू येईल असा, माइकच्या अगदी जवळ, आणि मग पुढचं म्हणाला. भोंग्याने बोट वर धरलं होतं. श्वासाच्या आधीच धरलं होतं. त्याला जागा माहीत होती.

गाणं संपल्यावर त्याने वायर काढली. मग त्याने फळा पुसून, अगदी स्वच्छ पुसून, लिहिलं, 'खरं सांग. कुणाचं चांगलं?'

इतक्या वर्षांत मला हे पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. आणि विचारलं तेही केव्हा! त्याच्या गळ्यावरचं फडकं श्वासाबरोबर आत-बाहेर होत होतं. त्याच्याकडे दुसरं काय आहे, हे सकाळपासून माझ्या डोक्यात होतंच. मी म्हटलं, "तुझंच अर्थात ह्यात विचारायचं काय आहे दादाला कुठे गाता येतं तो आपला बोलतो नुसता लोकांना काय कळतंय तुझी सर कुणाला येणार आहे का." भोंगा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. इतके हलले की डोळ्यांतून पाणी आलं, त्याने हाताच्या पालथ्या बाजूने ते पुसलं, आणि फळ्यावर लिहिलं, 'मध्ये श्वास घे.'

मी श्वास घेतला. कथिलाचा, धुराचा वास आला. म्हटलं, "दादाचं."

त्याने मान हलवली, दोनतीनदा, हळूहळू. 'मला पण वाटतं' असं लिहिलं आणि लगेच पुसून टाकलं. पुसलेलं तरी मी वाचलं होतंच. मग जरा वेळाने पेनचं टोपण काढून त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मास्तरला सांग. थोडा उशिरा घेतला.' मी म्हटलं, "आत्ता?" त्याने माझाच फोन माझ्या हातात ठेवला.

रविवार नव्हता. दादाने उचलताच विचारलं, "काय झालं? तो बरा आहे ना?" मी म्हणणार होते, बरा आहे. जिभेवर आलंही होतं. मी म्हटलं, "दादा, आम्ही गाणं ऐकलं. दोघांनी. तो इथेच आहे, समोर. तो म्हणतोय, श्वास थोडा उशिरा घेतलास." आईचा टीव्ही चालू होता तेवढा ऐकू आला. एरवी मी लगेच चष्म्याचं काहीतरी काढलं असतं. त्या दिवशी काही काढलं नाही, नुसता फोन कानाला धरून बसले. बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "त्याला म्हणावं, मग दाखव. नक्की कुठे घ्यायचा ते. मी येतो आत्ता." आणि त्याने फोन ठेवलासुद्धा.

भोंगा भुवया उंचावून विचारत होता, काय म्हणाला? मला एकदम रडू फुटलं. काय दाखवणार होता तो दादाला? आवाज होता तेव्हा दादा त्याला भेटायला कधी पायऱ्या चढला नाही, आणि आता निघालाय. मी तोंडाला पदर लावला, फोन बाजूला ठेवला आणि म्हटलं, "येतोय. श्वास कुठे घ्यायचा ते शिकायला." तो उठला. टेबलावरच्या वायरी एका बाजूला सारल्या, आपली खुर्ची फडक्याने पुसली आणि दाराकडे तोंड करून ठेवली. मग आरशापुढे जाऊन त्याने गळ्यावरचं फडकं सरळ केलं, पूर्वी स्टेजवर जायच्या आधी कॉलर करायचा तसं.